झुलीचा हिशेब आणि आईची मजुरी

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

कोणी वावरातून येऊन नुकत्याच टेकल्या असाल, कोणाच्या हातात सूप असेल, कोणी चुलीपाशी असाल. काम चालू राहू द्या आणि कान इकडे द्या.

आज आम्ही एका नव्या कामाबद्दल सांगणार आहोत. हायस्कूलच्या पोरापोरींना धंद्याचा हिशेब समजावून द्यायला बचत गटाच्या बायांनी शाळेत जावं का? आम्ही जाऊन आलो आहोत, म्हणून आमचं उत्तर आधीच सांगून टाकतो. जावं. पण कसं जावं आणि काय सांभाळून जावं, ते नीट ऐका.

आम्ही म्हणजे आमच्या ग्रामसंघातल्या सहा जणी. एक शिवणकाम करते, एकीची पिठाची गिरणी आहे, दोघी उन्हाळ्यात पापड-कुरडया-सरगुंड्यांचा माल काढतात, एक भाजीपाला घेऊन बाजार करते आणि सहावी गटांची लिखापढी पाहते. सहा जणींत मिळून एक बी. ए. आहे. बाकीच्या सातवी, नववी, दहावी अशा. गावाजवळच्या हायस्कूलच्या मुख्याध्यापकांचा निरोप आला तेव्हा पहिली प्रतिक्रिया हीच होती, "आपण सातवी शिकलेल्या, नववीच्या पोट्ट्यांना काय शिकवणार जी?"

सरांचं म्हणणं वेगळं होतं. दरवर्षी शाळेत कोणी तरी मोठा उद्योजक भाषणाला येतो. तो सांगतो की स्वप्नं मोठी पाहा. पोरं टाळ्या वाजवतात, पाहुणे गाडीत बसून जातात. सरांना अशी माणसं हवी होती, जी पुढच्या शनिवारी पुन्हा येतील आणि मागच्या शनिवारी सांगितलेलं केलं का, ते विचारतील. हे काम तर आपण दर आठवड्याला करतोच. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख लिखापढी, ही पंचसूत्री आपल्याला तोंडपाठ आहे. पोरांना कंपनी कशी काढायची हे नाही सांगता आलं, तरी वहीत काय लिहायचं राहून गेलं ते आपल्याला लगेच दिसतं. कारण ते राहून गेलं की बैठकीत भांडण होतं, हे आपण पाहिलेलं आहे.

ठरलं असं की आठ शनिवार, सकाळच्या शाळेत शेवटचा एक तास. नववीचा वर्ग घेतला. दहावीला हात लावला नाही, बोर्डाचं वर्ष असतं. तीस मुलं, पाच-पाच जणांचे सहा गट आणि प्रत्येक गटाला आमच्यातली एक मावशी. मानधन काही नाही, आणि ते नसलेलंच बरं, त्यामुळे कोणाची मिंधेगिरी राहत नाही.

पहिल्या शनिवारी पोरांनी धंदे सांगितले ते ऐकून आम्हाला हसू आलं. मोबाईलचं दुकान, चायनीजची गाडी, एकाला तर पेट्रोल पंपच टाकायचा होता. आम्ही कोणालाच नाही म्हटलं नाही. फक्त एवढंच विचारलं, "तुझ्या गावात हे किती जण घेतील? मोजून ये." पुढच्या शनिवारपर्यंत बाजाराच्या दिवशी उभं राहून, चार दुकानांत विचारून, घरोघर जाऊन मोजायचं. मोजून आल्यावर पेट्रोल पंप आपोआप बंद झाला. एका गटानं हळदीची पुडी धरली, एकानं भाजीची रोपं, एकानं मधल्या सुटीतले पोहे आणि एकानं तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी नंदीच्या झुली.

दुसऱ्याच आठवड्यात एक पालक शाळेत येऊन उभे राहिले. "पोरांना शाळेत शिकायले पाठवतो का धंदा करायले?" त्यांचा प्रश्न रास्त होता. त्यांना आम्ही काय सांगितलं ते पुढे येईलच, पण मैत्रिणींनो, हा प्रश्न आपल्या वर्ध्याला नवा नाही. हा प्रश्न आपल्याच मातीत पहिल्यांदा मोठ्यानं विचारला गेला आहे.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली होती. देशभरातले शिक्षणतज्ज्ञ आणि काँग्रेसची सरकारं असलेल्या प्रांतांचे शिक्षणमंत्री आले होते. गांधीजी तेव्हा शेगावात राहत होते, ज्याला पुढे १९४० मध्ये सेवाग्राम हे नाव मिळालं. त्यांचं म्हणणं असं की मुलांना सात वर्षं मोफत शिक्षण मातृभाषेतून मिळावं आणि ते हाताच्या एखाद्या उत्पादक कामाभोवती बांधलेलं असावं. कापूस घ्या. सरकीपासून सुतापर्यंत मुलगा काम करेल आणि त्यातूनच गणित, भूगोल, इतिहास शिकेल. मुलांनी बनवलेल्या मालातून हळूहळू शिक्षकाचा पगारही निघावा, अशी त्यांची अपेक्षा होती. त्यासाठी डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. हेच झाकिर हुसेन पुढे राष्ट्रपती झाले. या शिक्षणाला आपण नई तालीम म्हणतो.

पगार निघावा, या मुद्द्यावर परिषदेतच वाद झाला. अर्थशास्त्राचे प्राध्यापक के. टी. शहा यांनी हरकत घेतली. शाळेचा माल बाजारात आला तर गावच्या कारागिराच्या पोटावर पाय येईल, आणि मुलांकडून राबवून घेतलं जाईल, अशी त्यांची भीती होती. आणि गंमत पाहा, झाकिर हुसेन समितीनं आपल्या अहवालात योजनेची बाजू घेतली, तरी हाच धोका लिहून ठेवला. कमाईवर भर दिला तर शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्याच्या मागे लागतील आणि शिकवणं बाजूला पडेल, असा त्याचा अर्थ. आम्हाला वाटतं, शाळेत जाणाऱ्या प्रत्येक बाईनं ही गोष्ट पदराला गाठ मारून ठेवावी. पोरांनी किती कमावलं यावर आपलं काम मोजायचं नाही.

सेवाग्रामच्या नई तालीम परिसरात २००५ पासून आनंद निकेतन शाळा चालते. तिथं शेती, स्वयंपाक, शिवण, कताई हे अभ्यासाचाच भाग आहेत. तुमच्यातल्या किती तरी जणी बैठकीला वर्ध्याला येतात आणि आश्रम पाहून परत जातात. कधी त्या शाळेतही डोकावून या. आणि पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ नावाचं गाव आहे. तिथं डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी मोठ्या कंपनीतलं संशोधनाचं काम सोडून १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांनी आठवी ते दहावीच्या मुलांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम तयार केला. त्यातली मुलं गावातल्या लोकांची छोटी छोटी कामं पैसे घेऊन करून देतात आणि कामाआधी खर्चाचा अंदाज मांडतात. आम्हाला त्यातलं हे अंदाज मांडणं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आता झुलीची गोष्ट. आपल्याकडे बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा पाहायला तर दूरदूरहून लोक येतात. घरोघरी लाकडी नंदी निघतात, आणि नंदी म्हटला की झूल, गोंडे, बाशिंग आलंच. पाच मुलांच्या गटानं, त्यात तीन पोरी आणि दोन पोरं, झुली करायच्या ठरवल्या. प्रत्येकी १२० रुपये काढून ६०० रुपये जमवले. शिंप्याकडच्या चिंध्या फुकट मिळाल्या. लेस, टिकल्या, गोंडे वर्ध्याहून आणले. आणायला दोन पोरींनाच पाठवलं, कारण एसटीत त्यांना अर्धं तिकीट. ही अक्कल पोरांचीच, आमची नाही.

चाळीस झुली झाल्या. चाळीस रुपये भाव ठेवला. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी ३१ गेल्या. दुपारनंतर गिऱ्हाईक तुटलं, म्हणून सहा झुली वीस-वीसनं काढल्या. तीन उरल्या. संध्याकाळ झाली की नंदीच्या झुलीला कोणी विचारत नाही. ती मग वर्षभर पेटीत पडते. हे पोरांना कोणी सांगावं लागलं नाही.

पुढच्या शनिवारी हिशेब आला. विक्री १,३६० रुपये. सामान ६००. एसटीचं भाडं ८०. नफा ६८० रुपये, म्हणजे प्रत्येकाला १३६. पोरं खूश. दुसऱ्या गटांनी टाळ्याही वाजवल्या. आमच्यातली जी शिवणकाम करते ती त्यांची मावशी होती. तिनं झूल हातात घेतली, उलटी केली, शिवण पाहिली आणि विचारलं, "ही मशीनची शिवण आहे. कोणी मारली?"

एका पोरीच्या आईनं मारली होती. चार रात्री, जेवणं उरकल्यावर, आपल्या मशीनवर. मावशीनं पुढे फक्त प्रश्न विचारले. किती तास लागले? साधारण दहा. त्या दहा तासांत आईनं एरवी काय केलं असतं? ब्लाऊज शिवले असते, चारेक तरी. एका ब्लाऊजची शिलाई किती? दीडशे. दोरा कोणाचा? आईचाच. दोरा आणि मोडलेली सुई मिळून किती? चाळीस धरा.

फळ्यावर मांडणी झाली. आईची शिलाई ६००, दोरा-सुई ४०. नफ्यातून ६४० वजा केले तर उरले ४० रुपये. पाच जणांत आठ-आठ रुपये. आणि पोरांनी स्वतः टिकल्या लावायला, कापायला, विकायला जे तास घातले ते तर अजून धरलेच नव्हते.

वर्ग गप्प झाला. मग एक पोरगा म्हणाला, "पण ते तं घरचीच आहे. तिले कायची मजुरी?"

आम्ही सहाही जणी तिथं होतो. आमच्यापैकी प्रत्येकीच्या ओठावर उत्तर आलं होतं, आणि त्या वेळी तोंड मिटून बसणं फार अवघड गेलं. पण आम्ही आधीच ठरवलं होतं की पोरांच्या प्रश्नाला पोरांनीच पहिलं उत्तर द्यायचं. उत्तर दिलं ते दुसऱ्या एका पोरीनं. "लेसवाला घरचा असता तं त्यानं लेस फुकट देली असती का? आणि देली असती तरी वहीत लिहाव तं लागलंच असतं, नाही तं पुढच्या वर्षी आपल्याले वाटंल झूल इतक्या सस्तीत होते."

मैत्रिणींनो, हे वाक्य आम्ही आमच्या ग्रामसंघाच्या वहीत लिहून ठेवलं आहे. आईला मजुरी द्यायची की नाही, हा घरचा मामला. पण ती वहीत लिहायलाच पाहिजे. नाही तर भाव चुकतो आणि धंदा चालतोय असं वाटत राहतं, ज्या दिवशी आई थकते त्या दिवशी कळतं की चालत नव्हता. आपल्या विदर्भात शेतीचा हिशेबही असाच मांडतात की नाही? बियाणं, खत, फवारणी, सगळं लिहितात. निंदायला घरची बाई गेली, कापूस वेचायला घरची बाई गेली, ते शून्य. मग म्हणायचं, यंदा पऱ्हाटी बरी झाली.

पोरांनी पुढे काय केलं? ३०० रुपये त्या आईला द्यायचे ठरवले. ती घेईना. तेव्हा पोरीनं ते आईच्या नावानं गटात बचत म्हणून भरले. उरलेले ३८० पाच जणांनी वाटून घेतले, ७६ प्रत्येकी. आणि चर्चा भावावर आली. मावशीनं विचारलं, सकाळी ३१ गिऱ्हाईकं आली, त्यातल्या किती जणांनी घासाघीस केली? एकानंही नाही. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी पोरगं रडत असताना आईबाप चाळीसच्या जागी साठही देतात, हे पोरांच्याच ध्यानात आलं. पुढच्या वर्षीसाठी त्यांनी लिहून ठेवलं आहे: भाव साठ, झुली पस्तीसच, आणि काम नागपंचमीपासून सुरू, म्हणजे आईला रात्री जागावं लागणार नाही.

त्या आईनं पुढच्या बैठकीत एकच विचारलं, "माझी मजुरी तासावर धरायची का नगावर?" यंदाच्या पापड-कुरडयांच्या वहीत मजुरीचा रकाना वेगळा आहे. भाव किलोमागे थोडा वाढला, दोन जुनी गिऱ्हाईकं तुटली, बाकीची टिकली. आता कोणता भाव परवडतो आणि कोणता नाही, हे निदान आम्हाला ठाऊक आहे.

पोह्यांच्या गटाबद्दल थोडक्यात सांगतो. त्यांचे पोहे उत्तम, पण गिऱ्हाईक वर्गमित्रच, आणि उधारी मागायला लाज वाटते. तीन आठवड्यांत भांडवल मित्रांच्या पोटात गेलं. आम्ही काही बोललो नाही. पोरांनी स्वतःच पाटी लावली.

पाचवा शनिवार आम्ही व्याजासाठी ठेवला होता, आणि आमच्या मते आठात तोच सगळ्यात कामाचा. आपल्या गटात शेकडा दोन म्हणतो, दर महिन्याला, उरलेल्या रकमेवर. बाहेरचा एजंट दारात येतो तोही म्हणतो, "ताई, शेकडा दोनच तर आहे." दोन्हीकडे दोनच, मग फरक कुठं? पोरांना सांगितलं, १२,००० रुपये वर्षभरासाठी घेतले, महिन्याला हजार मुद्दल फेडायचं, मांडा. गटाच्या पद्धतीनं पहिल्या महिन्यात १२,००० वर व्याज २४० रुपये, दुसऱ्यात ११,००० वर २२०, असं उतरत उतरत शेवटच्या महिन्यात हजारावर २० रुपये. वर्षाचं व्याज झालं १,५६० रुपये. एजंटच्या पद्धतीत मुद्दल कितीही फिटलं तरी व्याज पहिल्या दिवसाच्या १२,००० वरच. दर महिन्याला २४०, बारा महिने, २,८८०. दोन्हीकडे शेकडा दोनच, आणि फरक १,३२० रुपयांचा. नववीच्या पोरांना हे गणित दहा मिनिटांत जमलं. शाळेत त्यांनी सरळव्याज शिकलेलंच होतं, फक्त त्याचा घराशी संबंध कोणी जोडून दिला नव्हता.

इथं एक गोष्ट अगदी सांभाळा. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यात आपला वर्धा होता. का होता, ते तुम्हाला सांगायला नको. वर्गात बसलेल्या तीस पोरांपैकी कोणाच्या घरात कर्जानं काय झालेलं असेल, आपल्याला माहीत नसतं. म्हणून वर्गात "तुमच्या घरी किती कर्ज आहे?" हा प्रश्न कधीही विचारायचा नाही. उदाहरण नेहमी समजाचंच घ्यायचं. त्या दिवशी तास संपल्यावर एक पोरगा मागे थांबला आणि हळूच म्हणाला, "मावशी, घरी एक कार्ड आहे, पाहता का?" सरांना सोबत घेऊन आम्ही ते पाहिलं आणि त्याच्या आईला बैठकीला बोलावलं. बाकी काही इथं सांगणार नाही.

हळदीच्या गटानं आम्हालाही कामाला लावलं. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, हे तुम्ही ऐकलंच असेल. पोरांनी पुडीवर झोकात लिहून आणलं, "अस्सल वायगाव हळद". हळद मात्र एकाच्या मामाकडची, आणि मामा दुसऱ्याच तालुक्यातला. गिरणीवाली मावशी म्हणाली, मामाची हळद चांगली असेल, पण तिला मामाच्या गावाचंच नाव द्या. त्या भागातली नसलेली हळद त्या नावानं विकता येत नाही, तसा कायदाच आहे. पोरं हिरमुसली. मग त्यांनी वायगाव हळदीचं नाव कसं झालं, गोरस भांडारचं गोरसपाक म्हटलं की लोकांना वर्धाच का आठवतो, यावर तासभर वाद घातला. नाव कमवायला किती वर्षं लागतात, याचा अंदाज त्यांना त्यातून आला असावा. पुडी आता मामाच्या गावाच्या नावानं आहे. खायच्या वस्तूचा धंदा कायमचा करायचा तर अन्न नोंदणी लागते, वेष्टनावर वजन, तारीख लिहावी लागते, हेही त्यांना सांगितलं. शाळेच्या आनंद मेळाव्यात दोन दिवस विकणं वेगळं आणि दुकानात माल ठेवणं वेगळं.

काही जणी विचारतील, पोरांना भांडवल आपणच दिलं तर? दिल्लीच्या सरकारी शाळांत २०२१ साली अकरावी-बारावीच्या मुलांना धंदा करून पाहायला प्रत्येकी २,००० रुपये दिले होते. मोठ्या पोरांसाठी ते चांगलंच आहे. पण नववीच्या पोरांसाठी आम्हाला त्यांचे स्वतःचे शंभर-सव्वाशे रुपयेच बरे वाटतात. स्वतःचे असले की उधारी द्यायला हात आखडतो. ज्या पोराला तेही जमत नाही, त्याला गटातल्या बाकीच्यांनी त्याचं काम भांडवल म्हणून धरायचं. हा तोडगाही पोरांचाच.

आता त्या पालकांना काय सांगितलं, ते सांगतो. कायदा असा आहे की १४ वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवता येत नाही. शाळेची वेळ सोडून किंवा सुटीत, धोक्याचं नसेल तर, घरच्या धंद्यात हातभार लावता येतो. १४ ते १८ च्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. आम्ही त्यांना म्हटलं, भाऊ, आठवड्याला एक तास आहे, तोही शाळेत, शिक्षकांसमोर. तुमच्या पोराच्या हातचा एक पापडही आमच्या मालात येणार नाही. ही अट आम्ही ग्रामसंघाच्या ठरावातच घातली आहे. पॅकिंगच्या दिवसांत हात कमी पडतात, समोर तीस चुणचुणीत पोरं दिसतात, तेव्हा मोह होऊ शकतो. ठराव असला की मोहाला जागा राहत नाही.

दुसऱ्या टोकाचे पालकही भेटले. एक बाप म्हणाला, "बरं झालं, पोरगी धंदा शिकली. आता दहावीनंतर कॉलेज कायले?" याला मात्र आम्ही सगळ्या जणींनी मिळून उत्तर दिलं. आमच्या सहा जणींपैकी पाच जणींची शाळा मधेच सुटली. बँकेत गेल्यावर कोणता कागद कशाचा, हे समजून घ्यायला आम्हाला किती वर्षं लागली, ते आम्ही त्यांना सांगितलं. पोरगी चांगला हिशेब करते, याचा अर्थ तिला पुढे शिकवायचं आहे. धंद्याच्या नावाखाली एका जरी पोरीची शाळा सुटली, तर आम्ही हे काम बंद करू, असं आम्ही मुख्याध्यापकांना सांगून ठेवलं आहे.

तुम्हाला हे तुमच्या गावात करायचं असेल तर सुरुवात शाळेतूनच करा. आठवीपर्यंतच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. शिक्षण हक्क कायद्यानं तिच्यात पाऊण भाग पालक असतात आणि निम्म्या बाया. म्हणजे तुमच्यातली कोणी ना कोणी तिथं आहेच, फक्त सही करून परत येते. तिथं विषय काढा. हायस्कूलमध्ये मुख्याध्यापकांना अर्ज द्या, सोबत ग्रामसंघाचा ठराव जोडा, परवानगी लेखी घ्या. नव्या शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत. त्या दिवसांत गावातल्या सुताराकडे, कुंभाराकडे, माळ्याकडे मुलांनी शिकावं, अशी कल्पना आहे. बचत गटाची डाळ मिल त्यात का नसावी? शिवाय सप्टेंबर २०२१ पासून सरकारचं विद्यांजली म्हणून व्यासपीठ आहे, त्यावर शाळेसाठी वेळ देऊ इच्छिणाऱ्या माणसाला नाव नोंदवता येतं. मोबाईल चालवणाऱ्या पोरीला सांगा, ती करून देईल.

शाळेत गेल्यावर वर्गात शिक्षक असल्याशिवाय तास घ्यायचा नाही. कोणत्याही पोरापोरीला एकटं घेऊन बसायचं नाही, घरी बोलवायचं नाही, त्यांचे नंबर घ्यायचे नाहीत. फोटो काढून स्टेटसला टाकायचा मोह आवरा, पालकांना विचारल्याशिवाय पोरांचे चेहरे कुठं जाता कामा नयेत. एखादं पोर घरचं काही दुःख सांगायला लागलं तर ऐकून घ्या आणि शिक्षकांना सांगा. त्याला कोणी त्रास देत असल्याचं दिसलं तर १०९८ या नंबरवर फोन करा. आपली विमा पॉलिसी, आपलं कर्ज, आपला माल, यातलं काहीही शाळेत विकायचं नाही. आणि जाताना आपला जुना हिशेबाचा रजिस्टर घेऊन जा. खाडाखोड असलेला, चहाचे डाग पडलेला. छापील पुस्तकापेक्षा पोरं तोच जास्त उलटून पाहतात.

पुढच्या महिन्यापासून आम्ही दुसऱ्या हायस्कूलला जातोय. हळदीच्या गटाला मात्र एक अडचण आहे. पन्नास ग्रॅमची पुडी घरच्या तराजूत नीट बसत नाही, कधी पंचेचाळीस भरते, कधी पंचावन्न. कोणत्या गटाकडे छोटा वजनकाटा पडून असेल तर प्रभागसंघाच्या बैठकीत कळवा, दोन महिन्यांसाठी हवा आहे, वहीत नोंद करून घेऊ आणि परतही करू.